उजव्या बाजूचा लाल बाण

आमच्या शर्टांच्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळ्या जणी 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'बाणबाई'. शिवून झालेला प्रत्येक शर्ट त्यांच्या टेबलावरून जायचा. टाका सुटलेला दिसला, कॉलर तिरकी वाटली, की बाई रिळातला लाल कागदी बाण सोलून काढत, त्याचं टोक नेमकं दोषावर येईल असा चिकटवत आणि शर्ट शिवणारीकडे परत धाडत. तोंडातून शब्द नाही. तिशीत त्या टेबलाशी बसल्या, आता बावन्न वर्षांच्या होत्या. एवढ्या काळात त्यांनी कुणाच्या शिवणीला चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मी तेवीस नंबरच्या मशीनवर बसते, म्हणून मला सगळे तेवीसच म्हणतात. कॉलर लावायचं काम माझं. अकरा वर्षांत सगळ्यांत जास्त बाण माझ्याच कॉलरना लागले. त्यांतले निम्मे उगाच होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. भांडायला गेलं की बाईंचं उत्तर ठरलेलं: "शंका आली की बाजूला काढायचं. चांगला असेल तर येईल परत."

तर एकदा कंपनीच्या बड्या गिऱ्हाइकाला आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. म्हणजे, काळजी घेतल्याचा फोटो हवासा वाटू लागला. साहेबांनी लगोलग तपासणीची गाडी बोलावली. चाळिशी उलटलेल्या चाळीस बायकांनी सह्या करायच्या, आत जाऊन मॅमोग्राफी करायची, म्हणजे छातीचा फोटो काढायचा, आणि मग बाहेर येऊन हसरा फोटो काढायचा. सह्या चाळीस झाल्या. गाडीत चढल्या सव्वीस. उरलेल्या चौदा जणींना अचानक कामाचा उमाळा आला. मी सही ठोकली आणि संडासात जाऊन कडी लावून घेतली. लाज वाटली, काम होतं, अशी कारणं मी नंतर जोडली. खरी गोष्ट अशी की मी घाबरले होते. काही निघालंच तर? हसऱ्या फोटोत मात्र मी आहे. दुसऱ्या ओळीत, सगळे दात दाखवून.

बाई चढल्या. यादीत नाव होतं, म्हणून चढल्या.

पंधरवड्याने पाकिटं आली. सव्वीसपैकी एकीलाच परत बोलावलं होतं. डाव्या बाजूला संशयास्पद सावली, सुईने तुकडा काढून तपासावा. जेवणाच्या सुट्टीत काजं-बटणवाली म्हणाली, "शेवटी बाणबाईंनाच बाण लागला," आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. ते लपवून काय करू?

बाईंच्या घरी काय झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. यजमानांनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

"मग झालं तर!" एवढं बोलून ते टीव्हीकडे वळले. पण तासाभरात त्यांनी बहिणीला फोन केलाच. नणंदबाई रिक्षा करून हजर. त्यांनी सांगितलं, "वहिनी, सुई अजिबात लावून घेऊ नका. सुई लावली की ते चवताळतं." दीर फोनवरून म्हणाले, आधी तीन ठिकाणी विचारा. मुलाने मोबाइलमध्ये डोकं घातलं, अर्ध्या तासाने पांढराफटक चेहरा घेऊन वर आला आणि आईला जवळ घ्यायचं सोडून म्हणाला, "आई, तू हे वाचू नकोस." बरोबर कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा मात्र सगळ्यांनी काखा वर केल्या. यजमानांना रजा नव्हती. नणंदबाईंना दवाखान्याच्या वासाने चक्कर यायची.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, पुन्हा कॉलर.

"बुधवारी सुट्टी टाक. माझ्याबरोबर यायचंय."

"मी? माझ्या एवढ्या चुका काढता तुम्ही."

"म्हणूनच. तुझं काय चुकतं ते मला पाठ आहे. तू रडशील, पण आवाज न करता रडशील."

बुधवारी हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसाने नाव, वय, बाजू विचारली. कपडे बदलायच्या खोलीत सिस्टरने तेच विचारलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकाच पीसला किती वेळा तपासतात गं हे? आमच्याकडे असं केलं असतं तर एक शर्ट बाहेर पडला नसता." पण माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली होती. ते सुटेना, म्हणून सिस्टरने मलाही पडद्याच्या आत स्टूल दिलं.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने तिसऱ्यांदा विचारलं, "मावशी, कोणती बाजू?"

आता बाईंचा पारा चढला. "चादर काढा आणि बघा. तुमची चूक होऊ नये म्हणून खूण करून आणलीय."

सिस्टरने चादर खाली केली. बाईंच्या छातीवर आमच्या कारखान्याचा लाल बाण होता, टोक अगदी नेमक्या जागी. डॉक्टरने बाण बघितला, कागद बघितला, पडद्यावरचा फोटो बघितला, पुन्हा बाण बघितला. हसू तिच्या ओठांपर्यंत आलं, पण तिने ते गिळलं.

"मावशी, कागदावर डावी बाजू आहे. बाण उजवीकडे आहे."

"ही डावीच तर—" म्हणत बाईंनी खाली बघितलं आणि तिथेच थांबल्या.

माझ्या ध्यानात आलं, ते मी डॉक्टरलाही समजावलं. टेबलावर शर्ट आपल्याकडे तोंड करून पडलेला असतो. त्याची डावी बाजू तपासणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. बावीस वर्षं हा हिशेब त्यांच्या हाडात मुरलेला. सकाळी आरशासमोर उभ्या राहिल्या, समोर एक बाई दिसली, आणि त्यांनी तिला शर्टासारखं तपासलं. समोरच्या बाईची डावी बाजू म्हणजे आपल्या उजव्या हाताची. लावला बाण.

"चूक माझी," बाई म्हणाल्या.

हे दोन शब्द ऐकायला मी अकरा वर्षं कान टवकारून बसले होते. ऐकल्यावर मशीनवर उभं राहून नाचायचं, असंही ठरवलं होतं. आणि ऐकले तेव्हा वाटलं, कुणीतरी ते परत त्यांच्या तोंडात घालावेत.

"तेवीस, मग तुझ्या कॉलरसुद्धा—"

"नाही बाई," मी म्हणाले. "माझ्या कॉलर तिरक्याच होत्या." खोटं बोलले. पण निम्मंच.

डॉक्टरने बाण हळूच सोलून काढला. "म्हणून तीनदा विचारतो, मावशी. आमच्याही हाडात काय काय मुरलेलं असतं."

मग बधिर करायचं इंजेक्शन, मग मोठी सुई. खट्ट असा आवाज व्हायचा, काज-बटणाच्या मशीनसारखा. प्रत्येक खट्टला बाई आकडा म्हणत होत्या. पाचला थांबलं. सिस्टर ती जागा बराच वेळ दाबून उभी राहिली. मी ठरल्याप्रमाणे आवाज न करता रडले.

निकाल नऊ दिवसांनी येणार होता. त्या नऊ दिवसांत बाईंनी एकाही शर्टाला बाण लावला नाही. शर्ट येई, त्या बघत, पुढे सरकवत. पहिल्या दिवशी आम्हाला मोकळं रान मिळाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या जणी आपापली शिवण आपणच दोनदा बघायला लागल्या. पाचव्या दिवशी मी मुद्दाम एक कॉलर वाकडी शिवली. इतकी वाकडी की आंधळ्यालाही हाताला कळली असती. बाईंनी ती बघितली आणि बाण न लावता बाजूला ठेवली. ही बाई आता जाते, असंच वाटलं मला.

दहाव्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. कॅन्सर नव्हता. साधी गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. झालं, सगळ्या शहाण्या झाल्या. यजमान सकाळीच म्हणाले होते, "मी म्हणत नव्हतो?" नणंदबाईंनी तर सुई लावूनही वाचल्याचं श्रेय स्वतःच्या शुभेच्छांना देऊन टाकलं. इथे काजं-बटणवाली म्हणाली, "बघा बाई, उगाच भोकं पाडून घेतलीत."

"दहा बाण लावते तेव्हा एक शर्ट खराब निघतो," बाई म्हणाल्या. "तो एक कोणता, हे न तपासता कळलं असतं तर मला इथे बसवलं कशाला असतं?"

काजं-बटणवाली आपल्या मशीनकडे वळली. बाईंनी मला हाक मारली, खण उघडला आणि माझी ती वाकडी कॉलर टेबलावर ठेवली.

"ही तू मुद्दाम शिवलीस. मी जिवंत आहे का ते बघायला."

मी मान खाली घातली.

बाईंनी रिळातला एक बाण सोलला. मला वाटलं, कॉलरवर लावणार. त्यांनी तो माझ्या बाहीवर चिकटवला, टोक माझ्या छातीकडे.

"सह्या चाळीस, चढल्या सव्वीस. मी मोजल्या होत्या. तू मंगळवारी चल."

"बाई, मला काहीसुद्धा होत नाही."

"मलाही होत नव्हतं."

"मला भीती वाटते हो." अकरा वर्षांत त्यांच्याशी मी एवढं खरं कधी बोलले नव्हते.

बाईंनी टेबलावरचे शर्ट कोपराने मागे सारले आणि बाही वर करून आपलं मनगट माझ्यासमोर ठेवलं.

"मंगळवारी हे धर," त्या म्हणाल्या. "आणि नखं वाढवून ये. मी तुझं काही कमी ओरबाडलेलं नाही."