सुभेदार कॅमेऱ्यासमोर बोलले ते

आज ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. भावकीतलं एकही माणूस जेवायला आलं नाही.

पातेली भरलेली तशीच आहेत.

कारण एक पिक्चर आहे.

गांधीजींच्या खुनानंतर आमच्या गावात ब्राह्मणांची घरं जाळली. अठ्ठेचाळीस साल. आसपासच्या पुष्कळ गावांत जाळली. हे मला पुढं वाचनालयातल्या पुस्तकांतून कळलं. गावात विषय काढला की एकच उत्तर मिळायचं, ट्रकातनं बाहेरची माणसं आली होती.

माझ्या लग्नात वडिलांनी आंदण म्हणून गाय दिली होती. सासऱ्यांनी ती वेशीवरूनच परत पाठवली.
आमच्या घरात म्हैस चालते, गाय बांधत नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही. मी नवी नवरी, विचारलंही नाही.

सासरे मरायला टेकले तेव्हा ते कारण ह्यांना सांगून गेले. ह्यांनी मला सांगितलं नाही. मिलिटरीतला माणूस, पोटात ठेवायची सवय.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एक ताई त्या जळितावर पिक्चर काढायला आल्या. देवळात बैठक झाली. आमचे चुलत सासरे आप्पा म्हणाले,
"काढा की. पर गावाचं नाव खराब करू नगा. टरकातनं बाहेरची आल्ती, तसंच दावा."

हे मागं बसले होते. उठले.
"आप्पा, बाहेरचं कोण नव्हतं. घासलेटचा डबा आमच्या बाच्या हातात हुता."

"सुभेदार, पेन्शन खावा आन् गप बसा."

"खातूय म्हणूनच बोलतूय. खोटं बोलून मिळाली न्हाई ती."

ताईंनी पिक्चरमधल्या म्हाताऱ्याचं काम ह्यांनाच दिलं. मेकअपवाली मुलगी मिशी जरा कापायला आली, तर म्हणाले, "पोरी, हिला सरकारनं सुदा हात लावला न्हाई." सगळे हसले. मीही हसले.

मग शूटिंग सुरू झालं.

डायलॉग लिहून दिलेला होता. ह्यांनी तो म्हटलाच नाही. कॅमेऱ्यामागं सांगलीचे एक काका बसले होते. जळालेल्या घरातले नातू. ह्यांनीच पत्ता शोधून त्यांना बोलावलं होतं. हे त्यांच्याकडं बघून बोलले,

"तुमच्या आज्जीनं माज्या बाला नावानं हाक मारली. म्हणाली, घर गेलं तर जाऊ दे, गोठ्यातली गाय तेवढी सोड. माज्या बाला ते ऐकू आलं हुतं. त्यानं सोडली न्हाई."

कट म्हणायचं ताईंचं राहून गेलं.

माझी गाय परत का गेली, ते मला त्या दिवशी कळलं. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती.

काका उठून आले. मला वाटलं, आता मिठी मारतील. तसं काही झालं नाही.
"सुभेदार, माफ केलं असं मला म्हणता येणार नाही. ते आजीनं म्हणायचं, ती तर गेली."
मग म्हणाले,
"पण 'ऐकू आलं होतं' म्हणालात ना, तेवढं कुणाला काढू देऊ नका."

त्यानंतर आम्हाला लग्नाच्या पत्रिका येणं बंद झालं. हे गेले तेव्हा खांदा द्यायला जास्त माणसं पलटणीतली होती.

परवा आप्पा दारात आले. नव्वदीला टेकलेत, काठी टेकत आले.

"सूनबाई, त्या बाईला फोन लाव. तेवढा सीन काढाय सांग. आमी समदी जेवाय येतू."

"आवं आप्पा, बोलले माझे सासरे आणि माझा नवरा. तुमचं काय जातंय?"

"माजा सख्खा थोरला भाव बी हुता त्यात. आज सासऱ्याचं नाव निघालं, उद्या त्याचं निघंल. आन् तू एकलीच हाईस. तुला खांदा कोण देणार?"

खरं सांगते, मुलगी लांब दिलेली. मेल्यावर मला ह्याच लोकांनी उचलायचं आहे.

तरी विचारलं, "आप्पा, तुमच्या थोरल्यांना ऐकू आलं होतं का?"

"तवा लय आरडाओरडा हुता गं. कोण काय म्हणतंय, काय बी कळत नव्हतं."

"तुम्ही होता तिथं?"

आप्पांनी चप्पल घातली. काठी टेकत निघून गेले.

ताई मला म्हणाल्या होत्या, "काकू, तुम्ही नको म्हणालात तर मी तो सीन काढून टाकेन. ते गेले, आता हक्क तुमचा."

आज नैवेद्य दाखवून झाल्यावर वाट बघितली. कुणी येत नाही हे कळल्यावर ताईंना फोन केला. म्हटलं, राहू दे. एक शब्दही कापू नका.

पुढच्या महिन्यात सांगलीला दाखवणार आहेत. मी एसटीनं जाणार. आप्पांना बोलवायला त्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे. येतील असं वाटत नाही.

सुभेदार, वर्ष झालं. घराला तुमच्या नसण्याची सवय झालेली नाही, मलाही नाही.
तुम्ही बोललात ते मी पुसू दिलं नाही.
आता निश्चिंत जावा.