आमच्या वन्संचं ‘म्हणजे काय?’

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत असा एकही डॉक्टर नसेल, ज्याला आमच्या वन्संनी निदान एकदा ‘म्हणजे काय?’ असं विचारून घाम फोडलेला नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहतात जव्हारला, एकट्या. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकून म्हणून त्यांचा जन्म गेला, आणि तिथे येणाऱ्या माणसाला फेरफार म्हणजे काय, वारसनोंद म्हणजे काय, हे गळी उतरवल्याशिवाय त्यांनी टेबलापासून हलू दिलं नाही. पुढचे लोक रांगेत ताटकळत, साहेब आतून खाकरत, पण वन्सं आपल्या ‘कळलं का? काय कळलं ते मला सांग बघू’ असं म्हणत समोरच्याची तोंडी परीक्षा घेत. निवृत्त झाल्यावर हा सगळा जोर कुठे जाणार? तो डॉक्टरांवर गेला. आजारी कोणीही असो, गल्लीतला, नात्यातला, नाहीतर नुसता जीपमध्ये शेजारी बसलेला, वन्सं त्याच्याबरोबर दवाखान्यात जातात. डॉक्टर ‘अॅक्यूट गॅस्ट्रायटिस’ असं काहीतरी पुटपुटून पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवतात. वन्सं खुर्ची आणखी पुढे ओढतात. “म्हणजे काय?” “पोटाला आतून सूज आहे, आजी.” “आणि अॅक्यूट म्हणजे?” “अचानक आलेली.” “मग पोटाला अचानक सूज आली, असं म्हणायला तुमचं काय जात होतं? हा बिचारा घरी जाऊन आपलं आता काही खरं नाही म्हणून जेवायचा थांबला असता ना!”

त्यात त्यांचं चुकत नाही, हीच आम्हां घरच्यांची खरी पंचाईत. त्यांच्या शेजारणीने ‘अॅक्यूट’ ऐकून हंबरडा फोडला होता, आणि तिच्याच नवऱ्याला दम्याचं ‘क्रॉनिक’ सांगितलं तेव्हा निश्चिंतपणे चहा ठेवला होता. वन्संनी भर ओट्यावर उभं राहून तिला झापलं, “अगं, अॅक्यूट म्हणजे नवं दुखणं, क्रॉनिक म्हणजे मुरलेलं! तुझं चार दिवसांत जाईल. त्याचं जन्मभर सांभाळायचंय. रडायचं तिथे चहा करतेस आणि चहा करायचा तिथे रडतेस!”

बरं, इंग्रजीवरच राग असता तर समजू शकलं असतं. मराठीचीही तीच गत. सूर्यमाळहून आलेली एक बाई एका मोठ्या दवाखान्याबाहेर उन्हात बसून होती, का, तर पाटीवर ‘बाह्यरुग्ण विभाग’ असं लिहिलेलं तिला कोणीतरी वाचून दाखवलं होतं. आपण बाहेरगावचे रुग्ण, तेव्हा आपण बाहेरच बसायचं, असा तिचा सरळ हिशोब. वन्सं तिचा हात धरून आत घुसल्या त्या थेट मोठ्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत. “ही पाटी कोणी लिहिली? जो लिहितो त्याला एकदा ताप आणून सूर्यमाळहून चालत आणा, आणि मग वाचायला लावा!” तिथेच एक तरुण डॉक्टर एका म्हाताऱ्याला विचारत होता, “बाबा, शुगरची काही हिस्टरी?” म्हातारा म्हणाला, “साखर रेशनवर मिळायची पयले. आता नाय देत.” सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत. ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्याकडे त्यांनी असं काही पाहिलं, की तो पोरगा पुढे आठवडाभर ‘घरात कोणाला गोड लघवीचा आजार होता का’ असं विचारत होता म्हणे.

त्यांच्या या शिकवणुकीने नुकसानही पुष्कळ केलं आहे, हे सांगायलाच हवं. आमच्या ह्यांना पोटाच्या तपासणीसाठी नेलं, तर वन्संनी आदल्या दिवशीच एंडोस्कोपीचा अर्थ सांगून ठेवला, की तोंडातून पोटात दुर्बीण घालतात. ह्यांच्या डोळ्यांसमोर जत्रेतली दुर्बीण आली. नाव पुकारलं तेव्हा हे मागच्या दाराने मोखाड्याच्या गाडीत जाऊन बसले होते. दुसऱ्या एका वेळी जव्हारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वन्संना समजावलं, की थायरॉइड हे रोगाचं नाव नाही, गळ्यातल्या ग्रंथीचं नाव आहे, ती प्रत्येकालाच असते, बिघडली की त्रास होतो. वन्सं या नव्या ज्ञानाने इतक्या भारावल्या, की संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण घेता घेता त्यांनी जाहीर केलं, “थायरॉइड तुम्हां सगळ्यांना आहे. मलाही आहे. लपवता कशाला?” दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली रक्त तपासायला रांगेत उभी.

हा राग मुळात कुठून आला, ते आम्हाला ठाऊक आहे. त्यांचे यजमान नाशिकला दवाखान्यात होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पेशंट स्टेबल आहे. स्टेबल म्हणजे बरे, असं धरून वन्सं दोन घास खायला आणि अंघोळ करायला नातेवाइकांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा ते गेले होते. स्टेबल म्हणजे बरा नव्हे, जसा होता तसाच आहे, एवढं नंतर कोणीतरी सांगितलं. “तसाच आहे, असं म्हणाले असते तर मी हलले असते का गं?” हे त्यांनी मला एकदाच विचारलं, भांडी पुसता पुसता, आणि उत्तराची वाट न पाहता फडकं झटकलं.

तर अशा वन्संकडे काही वर्षांपूर्वी भाताची कापणी उरकल्यावर दाभोशाची जानकी आली. जानकी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे भाजी घेऊन येते. मोलमजुरी करणारं घर. तिची मुलगी मनीषा पोशेऱ्याच्या संदीपला दिलेली, सुपारी फुटलेली. मध्ये पाड्यावर रक्त तपासणीचं शिबिर झालं. सिकल सेल नावाचा रक्ताचा आजार आपल्या या भागात आहे, त्याची तपासणी. मनीषाच्या हातात एक कार्ड दिलं, त्यावर लिहिलेलं ‘वाहक’. कार्ड देणारी नर्स काही न सांगता पुढच्या पाड्यावर निघून गेली. जानकीला आधी आनंदच झाला होता. वाहक तर एसटीत लिहिलेलं असतं. पोरीला कंडक्टरची नोकरी लागली की काय! पण गावात कोणीतरी ‘रक्तात रोग हाय’ असं म्हणालं, ते डोंगर ओलांडून पोशेऱ्याला पोचलं, आणि संदीपच्या बापाने सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला.

वन्संचा संताप मी आजवर पुष्कळ पाहिला होता, हा निराळाच होता. आवाज चढला नाही. त्या आधी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, तासभर त्यांचं डोकं खाऊन आल्या, आणि मग जीप पकडून मोखाड्याला आमच्या दारात. “चप्पल घाल. पोशेऱ्याला जायचंय.” मी म्हटलं, “वन्सं, दुसऱ्याच्या सोयरिकीत आपण कशाला?” “सोयरिकीत नाही जायचंय. एका शब्दाने त्या पोरीचा घात केलाय, त्याच्याकडे जायचंय.”

संदीपचा बाप लक्ष्मण अंगणात बांबूच्या कामट्या तासत होता. त्याने खाट टाकली, बायकोने कोरा चहा दिला, पण तो विळा खाली ठेवायला तयार नव्हता. “बाई, तुमी शिकलेल्या. पन कार्डावरच लिवलंय ना, वाहक. म्हंजे रोग वाहून आननार. आमच्या घरात नको.”

“एसटीत बसतोस ना?” वन्सं म्हणाल्या. “तिकीट कोण फाडतं?”

“कंडक्टर.”

“त्यालाच वाहक म्हणतात. तो गाडी चालवतो का?”

“नाय.”

“मग ऐक. पोराला रक्ताची एक बाजू आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही बाजूंनी खोट आली तरच हा आजार होतो. मनीषाला एकाच बाजूने आलीय. आजार तिच्या गाडीत बसलाय, पण गाडी चालवत नाही. तिला काही त्रास नाही, तिच्याजवळ बसून कोणाला लागत नाही, तिच्या हातचं खाऊन लागत नाही. कळलं का? काय कळलं ते मला सांग.”

लक्ष्मणने सांगितलं, आणि बऱ्यापैकी बरोबर सांगितलं. वन्संचा चेहरा खुलला. मग त्या म्हणाल्या, “आता तुझ्या पोराचं रक्त तपास.”

तिथे विळा खाली आला. “आमच्या पोराला काय धाड भरलीय? भिवंडीला गोदामात पोती उचलतो तो!”

“आणि ती भाताचे भारे उचलते! मुलीचं रक्त तपासायचं आणि मुलाचं काय आभाळातून आलंय?” आता मात्र आवाज शेजारच्या पाड्यापर्यंत गेला असणार. संदीप दारात उभा होता, सुट्टीवर आलेला. तो बापाला म्हणाला, “करतो ना टेस्ट. उसमें क्या है? तिने केली, मी पन करतो.” मनीषाबद्दल त्याला काय वाटत होतं ते त्या ‘तिने’ या शब्दात सगळं आलं होतं. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या अक्षता त्यांच्या मुठीतच आहेत.

रिपोर्ट घ्यायला सगळे जव्हारला जमलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संदीपही वाहक आहे.

लक्ष्मणचं तोंड उजळलं. “म्हंजे दोगंबी सारकीच? मंग झालं की! जानकीबाय, आमचं चुकलं. तुमच्या पोरीला नाव ठेवलं. लगीन लावून टाकू.” जानकीने डोळ्यांना पदर लावला आणि हसली. व्याही-विहीण एकमेकांना हात जोडत होते. आणि वन्सं भिंतीला धरून उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी बोलायला तोंड उघडलं. वन्सं म्हणाल्या, “थांबा. मी सांगते.” त्या बाकावर मनीषाच्या शेजारी बसल्या. “सारखे आहात, तीच अडचण आहे, बाळा. तुम्हां दोघांना काही होणार नाही. पण दोघांकडूनही खोट पोराला गेली, तर ते नुसतं वाहक राहणार नाही. त्याला आजार होईल. प्रत्येक बाळंतपणाला चारातली एक शक्यता. होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही.”

“आमच्या मावशीच्या पोरागत?” मनीषाने विचारलं.

“हो.”

“तो थंडी पडली का रडतो. हाडं दुखत्यात म्हनतो. शाळा सुटली त्याची.”

पोटात असतानाच बाळाची तपासणी करता येते, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वन्संनी तेही सोपं करून सांगितलं, काही न लपवता, काही न रंगवता. लग्न करू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. “ठरवायचं तुम्ही. मी फक्त अर्थ सांगितला.” लक्ष्मण चिडून म्हणाला, “आमच्या आज्यापणज्यांनी कुठं रक्त तपासलं होतं? कशाला सांगितलंत हे?” मला वाटलं, आता वन्सं त्याला फाडून खाणार. त्यांनी मान खाली घातली. रागवायला त्यांना समोर कोणी सापडतच नव्हतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, कार्ड बरोबर होतं, शब्दाचा अर्थ सगळ्यांना नीट कळला होता.

संदीप आणि मनीषा बाहेर झाडाखाली जाऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा मनीषानेच सांगितलं, “नको, आजी. आमचं आमी ठरवलंय.” आवाज स्थिर होता. जानकी रडत होती. पुढे दोघांचीही लग्नं झाली, वेगवेगळ्या गावांत, आणि दोन्हीकडे मागणीआधी समोरच्याचं रक्त तपासून घेतलं गेलं, हे मला वन्संकडूनच कळलं. मनीषाला मुलगी झाली आहे, धडधाकट.

पण माझ्या मनात राहिलाय तो त्या दिवसाचा एसटी स्टँड. थोरली माणसं एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या बाजूंना उभी होती. संदीपने कागदात भजी आणली आणि दोघं पलीकडच्या कट्ट्यावर बसून खाऊ लागली. तो काहीतरी सांगत होता. मनीषा आधी नुसती मान हलवत होती, मग एकदम तोंडावर हात धरून हसली, खळखळून, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मी न राहवून विचारलं, “काय बोलत असतील हो, वन्सं?”

वन्सं कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत राहिल्या.

“असू दे गं,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळंच कशाला आपल्याला कळायला हवं?” आणि माझा दंड धरून त्यांनी मला दुसरीकडे तोंड करून उभं केलं.