मालूचं न थांबणारं रक्त

कोपरच्या मासळीबाजारात मालूइतका साफ हात कुणाचाच नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. शिंगाळा असो की हलवा, तिच्या कोयत्याखाली आला की दोन मिनिटांत तुकडे. नवरा गेला, खाडीतली मासळी गेली, पण चाळीस वर्षांत मालूचं गिऱ्हाईक कुठे गेलं नाही. तोंड फाटकं होतं, तरी हातासाठी लोक ते ऐकून घेत.

माघातल्या एका सकाळी बसल्या जागीच तिच्या छातीत कळ आली, अंगातून घामाच्या धारा लागल्या. सून प्राप्तीने तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तासाभरात मनगटातून तार घातली, हृदयाची तुंबलेली नळी उघडून आत स्टेंट बसवला. घरी सोडताना बजावलं, "रक्त पातळ ठेवायच्या या गोळ्या वर्षभर घ्यायच्या. मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होईल. मग जिवावर बेतेल."

महिनाभराने मालू पुन्हा बाजारात बसली. मासे कापणाऱ्या बाईला काटा रोजच लागतो. पूर्वी बोट पदराला पुसलं की संपलं. आता रक्त थांबेचना. चिंधी बांधली तर चिंधी भिजून रक्त फळीवर ओघळे.

"मावशी, हे रक्त माशाचं की तुमचं?" नेहमीच्या गिऱ्हाईक निशाताईंनी विचारलं आणि निवडलेली पापलेटं परत टोपलीत टाकली. वीस वर्षं या बाईसाठी मालू ताजा माल झाकून ठेवत आली होती. पण बाईंना किळस आली.

"या ताय, माज्याकडं फक्त मावऱ्याचा रगत हाय!" समोर मासे विकायला बसणारी कलावती ओरडली. सगळा बाजार हसला. जन्मात पहिल्यांदा मालूने शिवी द्यायची सोडून बोट पदराखाली लपवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पाकिटातून गोळ्या काढायची आणि माशांच्या कल्ल्यांच्या बालदीत टाकायची. प्राप्ती रात्री पाकीट तपासायची. ते बरोबर रिकामं होत होतं.

आठवड्यात बोट सुकलं. निशाताई परतल्या. मालूने कलावतीला लांबूनच बोट दाखवलं आणि वर चार शिव्या दिल्या. फार सुखाचे दिवस होते ते. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी तीच कळ, तोच घाम, तेच हॉस्पिटल.

"गोळ्या चुकल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक पण नाही! मी स्वतः रोज पाकीट बघते," प्राप्ती ठासून म्हणाली. तिला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मालूने ऐकलं. खरं सांगितलं असतं तर सुनेपुढे मान खाली घालावी लागली असती. तिने तोंड मिटूनच ठेवलं.

नर्सने रक्त काढून सुई उपसली. मनगटावर एक लाल ठिपका उमटला आणि जागीच थांबला. मालू त्याच्याकडे बघत राहिली. श्वास पुरत नव्हता, तरी तिने प्राप्तीला जवळ ओढलं.

"बघ गो," ती म्हणाली, "थांबला."

ते मालूचे शेवटचे शब्द ठरले.