भोंग्याला उत्तर न देणारी जहाजं

अमीरभाईंनी कोयनेच्या पाण्यावर एकतीस वर्षं लाँच चालवली आणि तेवढ्या काळात त्यांच्या लाँचमधल्या शेळीचाही पाय कधी ओला झाला नाही. हाच माणूस निवृत्तीनंतर पाटणच्या घरात, पंख्याखाली बसून, दोन दिवसांत सात जहाजांना धडकला.

हे सगळं घडवून आणलं त्यांच्या लेकीनं, शिफानं. तिला व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचं होतं. वय सतरा, म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी होती आणि मुदत सोमवारी संपत होती. अमीरभाई नाही म्हणत नव्हते आणि होही म्हणत नव्हते. फॉर्म हातात घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि चहा मागायचे. शेवटी तिनं त्यांना कॉम्प्युटरवर जहाज चालवायचा गेम लावून दिला. पाणी दिसलं की अब्बा विरघळतील, असा तिचा बेत. तो साफ फसला.

लाँचवाल्यांची एक रीत असते. समोरून दुसरी लाँच आली की आपण भोंगा द्यायचा, समोरच्यानंही द्यायचा, मग दोघांनी थोडं थोडं बाजूला व्हायचं आणि जाताजाता हात करून घरच्यांची खुशाली विचारायची. अमीरभाई गेममध्येही तेच करत. भोंग्याचं बटण दाबत आणि उत्तराची वाट बघत बसत. समोरचं जहाज उत्तर देत नसे आणि वळतही नसे. सरळ येऊन अंगावर चढे.

शेजारचे हंबीरराव, फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले, ही मजा बघायला नेमके चहाच्या वेळेला हजर होत.

"सातवं झालं, अमीरभाई," ते म्हणाले. "मी फौजेत एवढी ठोकाठोकी केली असती, तर कवाच घरी धाडलं असतं."

"ठोकतोय कोण गड्या, त्योच येतोय अंगावर. भैरा हाय का आंधळा?" अमीरभाई खरोखरच चिडले होते. मग फॉर्मकडे बघत हळूच म्हणाले, "असल्या लोकांत पोरीला धाडू व्हय?"

शिफाचा चेहरा उतरला. सही कुठं अडली होती, ते तिला आत्ता कळलं.

ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "अब्बा, त्या जहाजावर कुणीच न्हाई. कॉम्प्युटरनं त्याला वाट आखून दिलीया, तेवढ्याच वाटेनं ते जातंय. तुमी समोर हाय, हे त्याला ठावंच न्हाई."

अमीरभाईंनी ज्याच्यावर इतका राग धरला, तो माणूस मुळात नव्हताच. मग त्यांनी भोंग्याला हात न लावता दोन जहाजांची चाल नुसती बघितली. तिसरं दिसताच लांबूनच वेग तोडला, त्याला नाकासमोरून जाऊ दिलं आणि त्याच्या मागून निघून जहाज अलगद धक्क्याला लावलं. हंबीररावांची खारी चहात विरघळून गेली तरी त्यांना पत्ता नव्हता.

अमीरभाई मात्र हसले नाहीत. "आन् खऱ्या समुद्रात? तिथंबी अशी रिकामीच फिरत्यात?"

"न्हाई अब्बा. तिथं जहाजाच्या काचेमागं कुणीतरी डोळ्यात तेल घालून उभं असतंय. तेच तर शिकायचं हाय मला."

एकतीस वर्षं समोरच्या माणसाच्या भरवशावर अमीरभाईंनी लाँच हाकली होती. आता कुणाचा तरी तसा भरवसा आपल्या पोरीवर असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फॉर्म ओढला आणि सही केली.

"जा," ते म्हणाले. "पर त्यो वळंल मग मी वळंन, म्हणून थांबू नगंस. आपुन आधी वळायचं."