हलके उंदीर

मी उंदरांची डॉक्टर. चंदीगडजवळ मुल्लानपूरच्या एका संशोधन संस्थेत प्राणिगृह सांभाळते. नवरा हवाई दलात. त्याच्या बदलीपायी चंदीगडला आले आणि नोकरी मिळाली ती ही. माहेरी जालन्याला सांगायची सोय नाही.

पद्मिनी डोईफोडे इथेच भेटली. परभणीची, चाळिशीची, जिभेने तिखट. पार्किन्सनवर औषध शोधण्यात तिने सात वर्षं घातली. आजारी उंदीर फिरत्या दांडीवर ठेवायचे आणि किती वेळाने पडतात ते मोजायचं. औषध पाण्यातून जायचं. कोणत्या पिंजऱ्याला मिळतंय हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर मन त्या बाजूला झुकतं. शेवटी कोणत्या पिंजऱ्याला औषध होतं ती यादी उघडली, तेव्हा औषधवाले उंदीर दुप्पट वेळ टिकले होते. पद्मिनीने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.

डॉ. अच्युत सबनीस आमचे विभागप्रमुख. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरती यांच्याशिवाय व्हायची नाही. पद्मिनीला 'बेटा' म्हणायचे. या बेटाचं कंत्राट त्यांनी मे महिन्यात संपवलं आणि जूनमध्ये पेटंटचा अर्ज केला. त्यात तिचं नाव नाही. ताटातला घास ओढणारे खूप पाहिले, ताटासकट पळणारा हा पहिलाच.

"नेत्रा, याला मी सोडणार नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडच्या जुन्या वह्या दे. रोज तिथे मी होते, हे दाखवून देते."

नियमात बसत नव्हतं. मी दिल्या.

दोन दिवस ती माझ्या खोलीत वह्या चाळत बसली आणि दुसऱ्या दुपारी एका पानावर बोट ठेवून थांबली. माझी माणसं दर सोमवारी उंदरांची वजनं लिहून ठेवतात. ती कोणी बघत नाही. औषधवाले उंदीर वाळले होते. औषधाने त्यांची भूक गेली होती. आणि हलका उंदीर दांडीवर जास्त टिकतो. औषध न मिळालेल्यांतही हलके तेच टिकले होते. मेंदूत काहीच सुधारलं नव्हतं. सात वर्षांत हे तिनेही पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, रडेल. ती हसली.

"कोणाला बोलू नकोस. आत्ता सांगितलं तर गुपचूप सावरून घेईल. चढू दे वर. मग आपटेल."

हे ऑगस्टमधलं. मीही तोंड शिवून बसले. सबनीसांचा फोटो पेपरात आला, 'लवकरच औषध' असा मथळा झळकला, संस्थेत रुग्णांच्या घरून फोन यायला लागले. प्रत्येक फोनला आम्ही दोघी मनात म्हणायचो, अजून एक पायरी चढला.

नोव्हेंबरमध्ये त्यांचं जाहीर व्याख्यान झालं. दिल्लीहून अनुदान ठरवणारे परीक्षक आले होते, सभागृह भरलेलं. टाळ्या संपल्यावर पद्मिनी मागच्या रांगेतून उठली.

"सर, उंदरांची वजनं किती होती?"

"बेटा, त्याचा इथे काय संबंध?"

तिने वाचूनच दाखवलं. औषधवाले एकवीस ग्रॅम, बाकीचे अठ्ठावीस. दिल्लीच्या परीक्षकांनी तिच्या हातातला कागद मागून घेतला, वाचला आणि सबनीसांकडे पाहिलं. सबनीसांचं तोंड पडलं. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दारात त्यांनी तिला गाठलं. "औषध तुझंच होतं, पद्मिनी. स्वतःच्या हाताने मारलंस."

"तुमच्या नावावर जगण्यापेक्षा बरं."

सोमवारी ती वह्या परत द्यायला आली. आम्ही चहा घेत होतो आणि सबनीसांच्या पडलेल्या तोंडाची नक्कल करून हसत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पंचकुल्याची कोणी बाई होती. नवऱ्याचे हात फार थरथरतात, घास तोंडापर्यंत जात नाही, दवाई कब मिलेगी जी? मी फोन पद्मिनीकडे दिला.

"वो दवाई मैंने बनाई थी," ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदाच ती हे कोणाला तरी ठणकावून सांगत होती. "मेरा नाम पद्मिनी डोईफोडे है. दवाई नहीं आएगी जी. असर नहीं करती."



"तीन महीने से इनको बोल रही हूँ, बस आने वाली है," बाई म्हणाली. "आपको कब पता चला?"

पद्मिनीने फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही.