नव्वद डिग्रीवर वाळवलेला पपईचा चीक

दूध काही केल्या गोठेना. तिसऱ्यांदा पावडर पाण्यात कालवून कोमट दुधात घातली आणि घड्याळाकडे बघत बसले. एरवी दोन-तीन मिनिटांत दह्यासारखं व्हायचं. आज आपलं पातळ ते पातळच.

चौक गावाजवळच्या आमच्या शेडमध्ये कच्च्या पपईच्या चिकाची पावडर व्हायची. तिला पपेन म्हणतात. मांस मऊ करायला, औषधांत घालायला जाते. वाडीवरच्या बायका हिरव्या पपईला उभ्या चिरा देऊन गळणारा चीक गोळा करून आणायच्या, आम्ही तो ड्रायरमध्ये वाळवायचो. दूध किती लवकर गोठतं, त्यावर पावडरची ताकद कळते. मी सातवी पास. बघून बघून शिकले आणि दहा वर्षांत ड्रायर माझ्या ताब्यात आला.

मग सुरेखा आली. बी.एस्सी. झालेली. शेडचे साहेब तिला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागले. तिची पहिली बॅच त्यांनी बोटांत चुरून पाहिली. मला म्हणाले, "शांताबाई, अशी पाहिजे बघा." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू, तिची वेणीसुद्धा मला बघवेना.

तिची बॅच वाळायला संध्याकाळ झाली होती. माझी त्याआधी व्हावी म्हणून मी ड्रायर पंचावन्नवरून नव्वदवर नेला. दुपारीच पावडर तयार, अगदी कुरकुरीत. तीच ही.

साहेबांनी दूध पाहिलं. "वाडीवरच्या बायकांनी चिकात पीठ मिसळलंय. उद्यापासून बंद करा त्यांना."

चीक आणणारी जनी दारातच उभी होती. "पीठ असतं तर आमी भाकरी नसती भाजली, सायेब? पपईला कशाला चारू?"

मी दुधात चमचा ढवळत राहिले.

सुरेखाने माझ्या पावडरवर आयोडीनचा थेंब टाकला. "पीठ असतं तर निळं झालं असतं, सर. पीठ नाही." मग तिने स्वतःची चांगली पावडर पाण्यात उकळली आणि दुधात ओतली. गोठलं नाही. न उकळलेली ओतली, गोठलं. "चीक जास्त तापलाय."

"पण पावडर तीच, वजन तेवढंच," साहेब म्हणाले.

तिने पदराची सेफ्टी पिन काढून दाखवली. "ही ओढून सरळ केली तर तार तेवढीच राहील. पण पदर अडकेल का? पपेन म्हणजे प्रोटीन. त्याची साखळी ठरावीक घडीत वळलेली असते. दुधावर काम करणारी जागा त्या घडीमुळेच तयार होते. जास्त तापलं की घडी उलगडते."

"आणि गार केल्यावर?"

"उकडलेलं अंडं गार केल्यावर पातळ होतं का, सर?"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "थर्मोमीटर बिघडला असेल ना, मावशी?"

पळवाट देत होती मला. तेच जास्त झोंबलं. पण जनी पाठ फिरवून निघाली होती.

"थर्मोमीटर चांगला आहे," मी म्हटलं. "मीच नव्वदवर नेला."

"कशाला?" साहेब.

"मॅडमच्या आधी व्हावी म्हणून."

जनी थांबली. "शर्यत तुमची न् पोट आमचं, काय गं बाय?"

बॅच फेकून दिली. दुसऱ्या दिवशी जनी चीक घेऊन आली, माझ्याशी मात्र आठवडाभर बोलली नाही. ड्रायर सुरेखाकडे गेला, मी दुधाच्या टेबलावर राहिले. जळणं काही लगेच थांबलं नाही, दोन वर्षं तरी चाललं. एवढं शिकले, की पावडर हाताला कितीही कुरकुरीत लागली तरी त्यावरून काही सांगू नये. दूध गोठलं की नाही, तेवढंच सांगावं.