खरखर गेल्यावर

"ताई, हे गेले." वैशालीचा, माझ्या भावजयीचा, फोन आला तेव्हा मला रडू नाही आलं, राग आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

मंदार माझा धाकटा भाऊ. हिंजवडीत आयटीची नोकरी, तिथल्याच एका शेतकऱ्याच्या माडीवर भाड्याचं बिऱ्हाड. घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. "सईसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवतो," म्हणाला. सई त्याची लेक, चार वर्षांची. आम्ही गलबललो. पण स्वारी हटून बसली, रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरच्या आपल्या लाडक्या लिनक्सवरच करणार! झालं. माइक लावला की खरखर. खरखर घालवावी, तर साउंड कार्ड दुसराच प्रोग्रॅम अडवून बसलेला. "ताई, एवढं एकच सेटिंग…" रोज एवढं एकच. अरे, साधा टेपरेकॉर्डर आणून देते, म्हटलं. "त्यात घरघर फार येते." घ्या! शेवटी घरमालकीणबाई दारातूनच ओरडल्या, "आवो, पोरगी हितं मांडीला खेटून बसलीया, तिच्याशी बोला की! मशिनीला काय इचारताय?" तो हसला. सईने तोंड उघडलं की मात्र खेकसायचा. तिचा आवाज मध्ये येतो म्हणून.

ऑपरेशनची तारीख काही थांबली नाही. घरी आल्यावर पुन्हा त्याच कॉम्प्युटरपुढे बसला, आणि एका दुपारी टाळ्या वाजवून आम्हाला बोलावलं. सईच्या पाटीवर लिहिलं होतं, 'जमलं! खरखर गेली. आता आवाज स्वच्छ येतो.' चेहरा नुसता फुललेला. वैशाली पदर तोंडाला लावून आत गेली. मला राहवलं नाही. "कोणाचा येतो रे?" त्याने पाटी पुसली आणि खिडकीकडे तोंड केलं. बोलले ते बोलले, कोणीतरी बोलायलाच हवं होतं… पुढे दुखणं उलटलं.

गेल्या आठवड्यात वैशालीने कॉम्प्युटर लावला. गोष्ट एकही नाही. आवाजाच्या नापसंत चाचण्या त्याने पुसून टाकलेल्या, चुकून एक राहिली. सई रोज तीच लावायला सांगते. खरखरीतून मंदार विचारतो, "हॅलो… ऐकू येतंय का?" मागून तिचाच बोबडा आवाज, "हो बाबा, येतंय."

"तू गप्प बस गं!"

तिथेच संपतं. सई हाताची घडी घालते, तोंडावर बोट ठेवते, आणि बसून राहते… आता गोष्ट सुरू होईल म्हणून.